पडद्यावरची सोबत : वार्धक्यातील एकाकीपणा आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

वृद्धांचा एकाकीपणा कमी व्हावा म्हणून तयार झालेला, कृत्रिम बुद्धिमत्तेवर (एआय) चालणारा बोलका सोबती हे गेल्या दहा-पंधरा वर्षांत आकाराला आलेले साधन आहे. टेबलावरच्या टॅबलेटवर किंवा टीव्हीच्या पडद्यावर एक चेहरा दिसतो. काही ठिकाणी तो माणसाचा असतो, काही ठिकाणी कुत्र्या-मांजराचा, तर काही उपकरणांत चेहऱ्याऐवजी मान हलवणारा नुसता दिवा असतो. हा सोबती सकाळी विचारपूस करतो, औषधाची वेळ सांगतो, जुनी गाणी लावतो, काल दुखत असलेल्या गुडघ्याची आज आठवणीने चौकशी करतो. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने आणि दक्षिण कोरियातील अनेक स्थानिक प्रशासनांनी अशी साधने सरकारी खर्चाने वृद्धांच्या घरी पोचवली आहेत. त्यांचा उपयोग होतो असे दिसते. मात्र तो कोणाला, किती आणि कोणत्या अटींवर होतो, हे नीट पाहिल्याशिवाय त्यांच्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

दुखणे कोणते

एकटे राहणारा प्रत्येक माणूस एकाकी नसतो आणि भरल्या घरातली आजीही एकाकी असू शकते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लेटिशिया पेप्लाऊ आणि डॅनियल पर्लमन यांनी १९८२ मध्ये केलेली मांडणी आजही आधारभूत मानली जाते. माणसाला हवी असलेली नाती आणि त्याच्या वाट्याला प्रत्यक्षात आलेली नाती यांत अंतर पडले की त्याला एकाकी वाटते. त्याआधी, १९७३ मध्ये, समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी या अवस्थेचे दोन प्रकार सांगितले होते. एकात जिवाभावाचे माणूस नसते, दुसऱ्यात गोतावळा नसतो. जोडीदार गेल्यानंतरची पोकळी शेजारपाजारच्या वर्दळीने भरत नाही आणि प्रेमळ जोडीदार असूनही निवृत्तीनंतर तुटलेल्या मित्रमंडळाची उणीव जाणवत राहते. कोणत्या प्रकारच्या एकाकीपणावर कोणता उपाय चालेल, हे या भेदावर अवलंबून असते.

एकाकीपणा मोजण्यासाठी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत १९७८ मध्ये वीस प्रश्नांची एक श्रेणी तयार झाली. पुढे २००४ मध्ये तिची तीन प्रश्नांची छोटी आवृत्ती आली. सोबत नाही असे किती वेळा वाटते, आपल्याला वगळले जाते असे किती वेळा वाटते, इतरांपासून तुटल्यासारखे किती वेळा वाटते, एवढेच ती विचारते. उत्तरांवरून तीन ते नऊ असे गुण मिळतात. एआय सोबत्यांवरच्या अभ्यासांतही ही श्रेणी वापरली जाते.

या दुखण्याचा परिणाम शरीरावर होतो. ज्युलियन होल्ट-लन्स्टड आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यास आणि तीन लाखांहून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र तपासली. ज्यांचे सामाजिक संबंध बळकट होते, त्यांची जगण्याची शक्यता इतरांपेक्षा ५० टक्क्यांनी अधिक आढळली. अमेरिकेचे तत्कालीन सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी मे २०२३ मध्ये एकाकीपणाला साथीच्या रोगाच्या पंक्तीत बसवणारे निवेदन प्रसिद्ध केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ मध्ये दिलेल्या अहवालानुसार जगातील दर सहा माणसांपैकी एकाला एकाकीपणा भेडसावतो आणि वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध जोडता येतो.

म्हातारपणी याची कारणे एकावर एक साचत जातात. नोकरी संपते, जोडीदार जातो, समवयस्क एकेक करून कमी होतात, गुडघे जिना उतरू देत नाहीत. ऐकू कमी येऊ लागले की माणूस बोलण्यातून हळूहळू बाजूला होतो आणि घरच्यांना वाटते की त्यालाच बोलायचे नाही. ब्रिटनने २०१८ मध्ये आणि जपानने २०२१ मध्ये या प्रश्नाची जबाबदारी एका मंत्र्याकडे सोपवली. जपानमध्ये एप्रिल २०२४ पासून त्यासाठी स्वतंत्र कायदाही लागू आहे. तेथील पोलिसांच्या आकडेवारीनुसार २०२४ या वर्षात एकट्या राहणाऱ्या ७६ हजारांहून अधिक व्यक्ती घरात मृतावस्थेत आढळल्या आणि त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश ६५ वर्षांपुढील होत्या.

एलायझापासून एलिक्यूपर्यंत

यंत्राशी मन मोकळे करण्याची माणसाची तयारी साठ वर्षांपूर्वीच दिसून आली होती. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे (एमआयटी) जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ मध्ये ‘एलायझा’ हा संवाद करणारा प्रोग्राम प्रसिद्ध केला. समोरच्याचेच वाक्य प्रश्नाच्या रूपात परत करणे, एवढेच त्याचे कसब होते. तो कसा चालतो हे ठाऊक असूनही वायझेनबाउम यांच्या सचिव महिलेने त्याच्याशी बोलताना त्यांना खोलीबाहेर जायला सांगितले. या अनुभवाने ते अस्वस्थ झाले आणि १९७६ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी बजावले की, यंत्राला काही कामे करता आली तरी ती त्याच्यावर सोपवू नयेत.

वृद्धांसाठीचे पहिले मोठे पाऊल जपानमध्ये पडले. ताकानोरी शिबाता यांनी १९९३ पासून ‘पारो’ या यंत्रसीलवर काम सुरू केले आणि २००५ मध्ये ते जपानी बाजारात आले. पांढऱ्या मऊ केसांचे हे सीलचे पिल्लू स्पर्श, प्रकाश, आवाज, तापमान आणि आपल्याला कसे धरले आहे हे ओळखते, मान वळवते, हुंकारते. सील निवडण्यामागे विचार होता. खऱ्या कुत्र्या-मांजराशी माणसाचा रोजचा परिचय असल्याने यंत्रातली उणीव लगेच डोळ्यांत भरते. सील कोणी कुशीत घेतलेला नसतो. अमेरिकेत २००९ मध्ये पारोला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता मिळाली.

पारो बोलत नाही. बोलणारा सोबती पडद्यावर आणण्याचा एक महत्त्वाचा प्रयोग ‘केअर कोच’ या अमेरिकी सेवेने केला. टॅबलेटवर कुत्र्याचे किंवा मांजराचे चित्ररूप दिसते आणि ते आजी-आजोबांशी दिवसरात्र बोलते. या चित्रामागे मात्र माणसे असत. फिलिपिन्स आणि लॅटिन अमेरिकेत बसलेले कर्मचारी टॅबलेटच्या कॅमेऱ्यातून घरात पाहत, ऐकत आणि उत्तर टाइप करत. ते उत्तर चित्रातल्या प्राण्याच्या आवाजात ऐकू येई. वृद्धाला मिळणारी आपुलकी खरी होती, पण ती देणारा माणूस हजारो किलोमीटर दूर आणि अदृश्य होता. पुढे प्रचंड मजकुरावर शिकून स्वतः वाक्ये रचणारी मोठी भाषिक प्रारूपे (लार्ज लँग्वेज मॉडेल) आली आणि त्या अदृश्य माणसाची जागा यंत्र घेऊ शकेल अशी शक्यता निर्माण झाली.

इस्राएलच्या ‘इंट्युइशन रोबोटिक्स’ कंपनीने मार्च २०२२ मध्ये अमेरिकेत विक्रीला आणलेला ‘एलिक्यू’ हा या शाखेतला सर्वांत परिचित सोबती. टेबलावरच्या दिव्यासारखी हलणारी, उजळणारी मान आणि शेजारी पडदा, अशी त्याची रचना आहे. माणसाचा चेहरा त्याला मुद्दाम दिलेला नाही. समोर यंत्र आहे याचा विसर पडू नये, ही त्यामागची भूमिका. त्याचे वेगळेपण असे की तो हाक मारण्याची वाट पाहत नाही, स्वतःहून बोलणे काढतो. व्यायाम, कोडी, गाणी, दूरच्या शहराची पडद्यावरची सफर आणि नातलगांशी व्हिडिओ कॉल, हे सारे त्यात आहे. २०२४ च्या आवृत्तीत मोठे भाषिक प्रारूप जोडल्यावर त्याच्या गप्पा अधिक मोकळ्या झाल्या.

पडद्यामागची यंत्रणा

असा सोबती चालतो तो चार टप्प्यांच्या साखळीवर. मायक्रोफोनने टिपलेल्या बोलण्याचे आधी शब्दांत रूपांतर होते. ते शब्द, वापरकर्त्याची नोंदवलेली माहिती आणि आधीच्या गप्पांतले काही तपशील भाषिक प्रारूपाकडे जातात आणि ते उत्तर तयार करते. तिसऱ्या टप्प्यात या उत्तराचा आवाज तयार होतो. चौथ्यात चेहऱ्याचे ओठ, डोळे आणि मान त्या आवाजाशी जुळवून हलवली जातात. हा शेवटचा टप्पा आता इतका सफाईदार झाला आहे की, काही मिनिटांच्या चित्रणावरून कोणाही माणसाचा बोलणारा पडदा-चेहरा बनवता येतो.

यातली मोठी अडचण वेळेची. जगातील दहा भाषांवर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, प्रश्न संपणे आणि उत्तर सुरू होणे यांत माणसे सरासरी सेकंदाचा पाचवा भाग एवढेच अंतर ठेवतात. यंत्राला याहून बराच अधिक वेळ लागला तर बोलणे अडखळते. उलट वृद्ध माणूस शब्द आठवण्यासाठी थांबला की त्याचे बोलणे संपले असे समजून यंत्र मध्येच तोंड घालते. वयाने थरथरणारा आवाज, कवळीमुळे बदललेले उच्चार, मागे सुरू असलेला टीव्ही, या सगळ्यांमुळे शब्द ओळखण्यात चुका होतात, कारण ही यंत्रे मुख्यतः तरुण आवाजांवर शिकलेली असतात.

दुसरी अडचण स्मरणाची. दोन दिवसांपूर्वी सांगितलेले दुखणे सोबत्याला आठवले नाही तर त्याची आपुलकी पोकळ वाटते. सगळेच आठवू लागला तर एवढी खासगी माहिती कोठे साठते, हा प्रश्न उभा राहतो.

न्यूयॉर्कचा प्रयोग

न्यूयॉर्क राज्याच्या वृद्धकल्याण कार्यालयाने २०२२ मध्ये ८०० हून अधिक वृद्धांच्या घरी एलिक्यू देण्याचे जाहीर केले. निवड जाहिरातीने झाली नाही. काउंटी पातळीवर वृद्धांशी नेहमी संपर्कात असणाऱ्या कर्मचाऱ्यांनी, कोण एकटे आहे, कोणाला याचा उपयोग होईल, हे पाहून नावे सुचवली. २०२३ मध्ये कार्यालयाने जाहीर केले की, वापरणारे वृद्ध दिवसाला सरासरी तीसहून अधिक वेळा या सोबत्याशी बोलतात आणि एकाकीपणात ९५ टक्के घट झाली.

हा शेवटचा आकडा जपून वाचला पाहिजे. तो वापरणाऱ्यांनी स्वतः दिलेल्या उत्तरांवर आधारलेला आहे आणि असे साधन न मिळालेल्या वृद्धांच्या गटाशी त्याची तुलना झालेली नाही. ज्यांनी यंत्र परत केले किंवा वापरणे सोडले, त्यांचा अनुभव अशा आकड्यांत कमी उमटतो. दिवसाला तीस वेळा बोलणे ही बाब मात्र महत्त्वाची आहे, कारण नव्याची नवलाई ओसरल्यावर बहुतेक उपकरणे कोपऱ्यात धूळ खात पडतात. न्यूयॉर्कने हे साधन एकटे सोडले नाही, हेही तितकेच महत्त्वाचे. याच कार्यालयाने यंत्रमांजरे आणि यंत्रकुत्री वाटली आणि हे सारे घरपोच जेवण, भेटी देणारे कर्मचारी, वाहतूक अशा जुन्या सेवांच्या जोडीला ठेवले.

कोरियातील बाहुली आणि फोन

दक्षिण कोरियात ६५ वर्षांपुढील लोकांचे प्रमाण डिसेंबर २०२४ मध्ये २० टक्क्यांवर पोचले. तेथील स्थानिक प्रशासनांनी ‘ह्योडोल’ नावाची बोलकी बाहुली हजारो एकट्या वृद्धांना दिली आहे. दिसायला ती नातवंडासारखी. ती औषधाची आठवण देते, हात धरला की बोलते. बराच वेळ घरात हालचाल जाणवली नाही तर काळजी घेणाऱ्या कर्मचाऱ्याकडे इशारा जातो आणि तो माणूस दार ठोठावतो. बाहुलीचा खरा आधार या दार ठोठावणाऱ्या माणसात आहे.

‘नेव्हर’ कंपनीची ‘क्लोव्हा केअरकॉल’ सेवा याहून साधी आहे. २०२१ मध्ये बुसान शहराच्या हेउंदे भागात तिची चाचणी झाली. ठरलेल्या वेळी वृद्धाला फोन येतो, यंत्र जेवण, झोप, तब्येत विचारते आणि त्याचा गोषवारा सरकारी कर्मचाऱ्यासमोर ठेवते. या सेवेवर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, वृद्धांना फोनची सोबत वाटत होती आणि कर्मचाऱ्यांवरचा ताणही हलका होत होता. मात्र आधीच्या फोनमधले काही आठवत नसल्याने यंत्राची चौकशी परकी वाटे. नंतर त्यात स्मरणाची सोय जोडण्यात आली. ना पडदा, ना चेहरा, ना महाग उपकरण, तरीही ही सेवा उपयोगी ठरली, हे गरीब देशांनी नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

पुरावा काय सांगतो

या क्षेत्रातला एक काटेकोर अभ्यास ऑस्ट्रेलियातील ग्रिफिथ विद्यापीठाच्या वेंडी मॉइल यांच्या गटाचा आहे. क्वीन्सलँडमधील २८ शुश्रूषागृहांतील स्मृतिभ्रंश झालेल्या ४१५ जणांचे तीन गट केले गेले. एका गटाला चालू पारो, दुसऱ्याला आतली यंत्रणा बंद केलेला तोच पारो आणि तिसऱ्याला फक्त नेहमीची शुश्रूषा. दहा आठवडे, आठवड्यातून तीन दुपारी, पंधरा मिनिटे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नेहमीच्या शुश्रूषेच्या तुलनेत पारोमुळे आनंद वाढला आणि अस्वस्थता-चिडचिड कमी झाली. बंद पारोच्या तुलनेत मात्र चालू पारोचा फायदा मुख्यतः एवढाच, की माणसे त्याच्याकडे अधिक पाहत आणि त्याच्याशी अधिक बोलत. हातात मऊ काही असणे आणि ते घेऊन कोणीतरी जवळ येणे, यातही बराच गुण असावा, असे या अभ्यासावरून वाटते.

बोलणाऱ्या एआयबद्दल हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या संशोधकांनी २०२४ मध्ये मांडले की, अशा सोबत्याशी बोलल्यावर एकाकीपणाची भावना तात्पुरती कमी होते आणि ती घट दुसऱ्या माणसाशी बोलल्याने होणाऱ्या घटीच्या जवळपास असते. आपले म्हणणे ऐकले गेले, ही जाणीव त्यामागचे मुख्य कारण निघाले. मार्च २०२५ मध्ये ओपनएआय आणि एमआयटी मीडिया लॅब यांनी सुमारे एक हजार प्रौढांवर चार आठवड्यांच्या प्रयोगाचे निष्कर्ष दिले. त्यात रोजचा वापर जितका अधिक, तितका एकाकीपणा आणि यंत्रावरचे अवलंबन अधिक आणि माणसांत मिसळणे कमी, असा संबंध दिसला. हे दोन्ही अभ्यास केवळ वृद्धांवरचे नव्हते. पण दोन्ही एकत्र वाचले तर मात्रेचे महत्त्व कळते. थोडी सोबत आधार देते, अतिवापराने माणूस आणखी तुटण्याची शक्यता असते.

तुलनेसाठी एक प्रयोग माणसांचाही पाहावा. टेक्सासमध्ये २०२० साली, कोव्हिडच्या काळात, घरपोच जेवण घेणाऱ्या २४० जणांपैकी निम्म्यांना चार आठवडे आपुलकीचे फोन करण्यात आले. फोन करणारे १७ ते २३ वर्षांचे १६ तरुण होते आणि ते मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. त्यांना थोडके प्रशिक्षण मिळाले होते. चार आठवड्यांनी, फोन न मिळालेल्यांच्या तुलनेत, तीन ते नऊ गुणांच्या श्रेणीवर एकाकीपणा १.१ गुणांनी घटला. नैराश्य आणि चिंताही घटली. ज्या घटीसाठी महागडी यंत्रे उभी करण्याचा विचार होतो, ती सोळा तरुण आणि साधे फोन यांनी साधली. एआय सोबत्याची उपयुक्तता मोजताना तुलना ‘काहीच नाही’ याच्याशी न करता अशा उपायाशी केली पाहिजे.

धोके

पहिला धोका फसगतीचा. मोनाश विद्यापीठाचे तत्त्वज्ञ रॉबर्ट स्पॅरो यांनी २००२ मध्येच आक्षेप घेतला होता की, यंत्रप्राण्यापासून वृद्धाला मिळणारे सुख तो यंत्राला जिवंत समजतो या भ्रमावर उभे असते आणि असा भ्रम जोपासणे त्याच्या प्रतिष्ठेला धरून नाही. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाबाबत हा प्रश्न सर्वांत टोकदार होतो, कारण पडद्यावरचा चेहरा खरा नाही हे त्याला दहादा सांगूनही टिकत नाही. चीनमधील नानजिंगच्या काही कंपन्या मृत नातलगाचे चित्रण वापरून त्याचा बोलणारा पडदा-चेहरा बनवून देतात. वृद्ध आईला मुलाच्या मृत्यूची बातमी न देता असा चेहरा दाखवत राहणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. त्याने तिचे काही दिवस सुखाचे जातील, पण शोक करण्याचा तिचा हक्क तिच्या नकळत काढून घेतला जाईल.

दुसरा धोका जिवाचा. २०२५ मध्ये अमेरिकेतील एका वृद्धाबद्दलचे वृत्त जगभर गाजले. आधी पक्षाघात होऊन गेलेल्या या गृहस्थांना एका चॅटबॉटने आपण खरी स्त्री असल्याचे भासवले आणि भेटीला बोलावले. घरच्यांचे न ऐकता ते निघाले, वाटेत पडले आणि त्या दुखापतीने दगावले. तो बॉट वृद्धांच्या सोबतीसाठी बनवलेला नव्हता, पण दुबळ्या झालेल्या मनाशी यंत्र कसे बोलते यावर अंकुश नसला की काय होते, ते या घटनेने दाखवले.

तिसरा धोका खासगीपणाचा आणि पैशाचा. सोबती दिवसभर ऐकतो. दुखणी, बँकेचे व्यवहार, सुनेशी झालेला वाद, सारे त्याच्या कानावर पडते. ही माहिती कंपनीकडे, विमाकर्त्याकडे किंवा चोराच्या हाती गेली तर नुकसान वृद्धाचेच होते. नातवाचा आवाज यंत्राने बनवून पैसे उकळणे आणि ‘डिजिटल अटक’ यांसारख्या फसवणुकींनी ज्येष्ठांना आधीच घेरले आहे. पडद्यावरच्या ओळखीच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवायची सवय अशा भामट्यांच्या पथ्यावर पडू शकते.

चौथा धोका सेवा बंद पडण्याचा. ‘जिबो’ हा घरगुती यंत्रसोबती २०१७ मध्ये ग्राहकांच्या घरी पोचला. कंपनी बुडाली आणि २०१९ मध्ये त्याने स्वतःच मालकांना निरोप घेत असल्याचे सांगितले. ज्या वृद्धाने जोडीदार गमावला आहे, त्याला असा दुसरा निरोप एका ताळेबंदामुळे सोसावा लागणे हा अन्याय आहे.

पाचवा धोका संथ आणि म्हणून मोठा. ‘आईला सोबत आहे’ या समाधानात मुलांचे फोन कमी होतात, ‘यंत्र वाटले’ या समाधानात सरकार कर्मचाऱ्यांची पदे रिकामी ठेवते. एमआयटीच्या शेरी टर्कल यांनी शुश्रूषागृहांतील पारोचा अनुभव घेऊन २०११ च्या पुस्तकात हीच चिंता व्यक्त केली होती. म्हातारी बाई आपले दुःख यंत्राला सांगते तेव्हा तिला समजून घेणारे तेथे कोणीच नसते.

कायद्याची पावले

युरोपीय संघाच्या एआय कायद्यातील, वय किंवा अपंगत्वामुळे येणाऱ्या दुबळेपणाचा गैरफायदा घेऊन हानी करणाऱ्या यंत्रणांवरची बंदी फेब्रुवारी २०२५ पासून लागू झाली. न्यूयॉर्क राज्यात नोव्हेंबर २०२५ पासून एआय सोबत्याने संभाषणाच्या सुरुवातीला आणि सलग वापरात दर तीन तासांनी आपण माणूस नसल्याचे सांगणे, तसेच आत्महत्येचा सूर ओळखून मदतीकडे वळवणे बंधनकारक आहे. भारतात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. तो माहितीपुरता आहे. सोबत्याने वृद्धाशी कसे वागावे याचे नियम त्यात नाहीत.

महाराष्ट्रापुढचा प्रश्न

संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या २०२३ च्या अहवालानुसार भारतात २०२२ मध्ये साठीपुढील सुमारे १४ कोटी ९० लाख लोक होते. २०५० पर्यंत ते ३४ कोटी ७० लाख, म्हणजे लोकसंख्येच्या पाचव्या भागाहून अधिक होतील. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत हे प्रमाण ९.९ टक्के होते, गोव्यात ११.२ टक्के. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ ते २०११ या दशकात घटली. कमावती पिढी मुंबई-पुण्याला गेली आणि गावात आई-वडील राहिले. पुण्यातल्या अनेक सोसायट्यांत मुले परदेशी असलेली जोडपी आहेत. जयवंत दळवी यांच्या ‘संध्याछाया’ने १९७० च्या दशकात रंगभूमीवर आणलेले हे दुःख आता हजारो घरांचे झाले आहे.

परदेशी सोबती जसाच्या तसा येथे चालणार नाही. एलिक्यूचे शुल्क महिन्याला पन्नास-साठ डॉलरच्या घरात जाते, म्हणजे सुमारे पाच हजार रुपये. राज्याच्या श्रावणबाळ सेवा योजनेचे मासिक निवृत्तिवेतन २०२३ मध्ये १,५०० रुपये करण्यात आले. भाषेचा अडसर याहून मोठा. मराठीत ज्येष्ठांशी बोलताना ‘तुम्ही’ आणि ‘आजी’, ‘काका’ अशी हाक लागते. यंत्राने ‘तू’ म्हटले तर तो अपमान होतो आणि ‘आपण भोजन केले का’ असे विचारले तर ते सरकारी पत्र वाटते. सोबत्याला स्वतःबद्दल बोलताना ‘मी आलो’ म्हणायचे की ‘मी आले’, हेही आधी ठरवावे लागते. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी बोलणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे आवाज यंत्राच्या शिकवणीत आले नाहीत, तर ज्यांना सोबत सर्वाधिक हवी त्यांचेच बोलणे त्याला कळणार नाही. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘भाषिणी’ उपक्रमाने भारतीय भाषांतील आवाज गोळा करण्याचे काम हाती घेतले आहे. त्यात वृद्ध आणि ग्रामीण आवाजांना मुद्दाम जागा मिळाली पाहिजे.

महाराष्ट्राकडे मात्र एक जमेची बाजू आहे. गावोगावचे ज्येष्ठ नागरिक संघ, शहरांतील विरंगुळा केंद्रे, भजनी मंडळे, बागेतला सकाळचा कट्टा, हे गोतावळ्याचे जाळे अजून टिकून आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ या क्रमांकाची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. मुंबईत २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘गुडफेलोज’ या उपक्रमात पदवीधर तरुण ज्येष्ठांना सोबत देतात. एआय सोबत्याची येथे जागा असेल तर ती या जाळ्याच्या सेवेत. संध्याकाळच्या भजनाची आठवण करून देणे, बरेच दिवस न आलेल्या सभासदाची चौकशी करून संघाच्या कार्यकर्त्याला कळवणे, मुलाला व्हिडिओ कॉल लावून देणे, अंथरुणाला खिळलेल्याशी रात्री दोन वाजता बोलत बसणे, ही कामे तो करू शकतो.

कसोटी

असा सोबती घरात किंवा संस्थेत आणण्याआधी काही गोष्टी तपासाव्यात. तो यंत्र असल्याचे वृद्धाला स्पष्ट सांगितले आहे आणि त्याची संमती घेतली आहे का? कॅमेरा आणि मायक्रोफोन बंद करण्याची कळ वृद्धाच्या हाती आहे का? माहिती कोठे साठते आणि कोण पाहते, हे लेखी दिले आहे का? त्याने दिलेल्या धोक्याच्या इशाऱ्यावर धावून जाणारा माणूस ठरलेला आहे का? सेवा बंद झाली तर काय, याचे उत्तर कंपनीकडे आहे का? ऐकू कमी येत असेल तर आधी श्रवणयंत्र घेतले आहे का? कारण अनेकांचा एकाकीपणा कानांपासून सुरू होतो आणि त्यावर सोबत्याहून श्रवणयंत्र अधिक गुणकारी ठरू शकेल.

या सर्वांवरची कसोटी एकच. सोबती आल्यावर सहा महिन्यांनी त्या माणसाला भेटायला येणारी, फोन करणारी, हाक मारणारी माणसे वाढली की घटली? ती वाढली असतील तर साधन कामी आले. घटली असतील तर यंत्र कितीही गोड बोलत असो, ते घरातून काढून टाकावे आणि त्यावर होणारा खर्च भेटीला जाणाऱ्या माणसांच्या पगाराकडे वळवावा. ज्येष्ठांसाठी योजना आखणाऱ्या प्रत्येक महापालिकेने, जिल्हा परिषदेने आणि प्रत्येक कुटुंबाने हा हिशेब यंत्र घेण्याआधी ठरवावा आणि सहा महिन्यांनी तो न चुकता तपासावा.